सव्वादहाचा हॅकर

सुरक्षिततेच्या बाबतीत जगात कुणाचाही भरवसा धरू नये, हे तत्त्व प्रफुल्ल गायधनी यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्राणापलीकडे जपलं होतं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते भांडार अधिकारी होते आणि त्यांच्या सहीशिवाय तिथून वॉशरसुद्धा बाहेर पडत नसे. एकदा खुद्द मालकांनी घरच्या झोपाळ्यासाठी दोन बोल्ट मागितले, तेव्हा गायधनींनी अत्यंत नम्रपणे "साहेब, मागणीपत्र?" असं विचारलं होतं. मालकांनी बोल्ट बाजारातून आणले.

अशा माणसाच्या नाशिकच्या घरी वायफायचा पासवर्ड राउटरबरोबर आलेला, एक ते आठ, हाच होता. तो ओळीने लिहायचा. सगळ्या इमारतीला तो पाठ होता.

हे असंच पुढे चालत राहिलं असतं. पण ऑगस्टात प्रफुल्लच्या आई, चंद्रभागाबाई, न्हाणीघरात घसरल्या. त्यांना काही झालं नाही, बादली फुटली. पण त्या वेळी प्रफुल्ल सिन्नरला, सून प्रतिभा पतसंस्थेत, आणि आई दुपारी चारपर्यंत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या, कारण उठवत नव्हतं आणि हाक मारणं बरं दिसत नव्हतं. ही बातमी कळवणला दिलेल्या थोरल्या बहिणीला, मंजुषाताईला, कळली. ताईचा फोन आला तेव्हा प्रफुल्लने तो कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी शेजारी बसलेल्या प्रतिभाला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"प्रफुल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आठ-आठ तास कुलपात ठेवतोस? दिवाळीपर्यंत बघते. काही सोय झाली नाही तर भाऊबिजेला ओवाळीन आणि आईला घेऊन जाईन."

चंद्रभागाबाईंना कळवणला जायचं नव्हतं. लेक चांगली, जावई चांगला, पण नाशिक ते नाशिक. इथे सकाळी नळाला पाणी येतं ते आवाज करत येतं, असं त्यांचं म्हणणं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रफुल्लच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. प्रफुल्लला अर्थ कळला आणि पोळ्या उतरल्या नाहीत.

म्हणून कॅमेरा आला. हॉलच्या कोपऱ्यात तो बसवला. त्यातून सोफा, न्हाणीघराचं दार आणि आईंची जा-ये दिसे. सिन्नरला बसून मोबाइलवर आई दिसायची, कळवणला ताईला दिसायची. पहिल्या दिवशी प्रफुल्लने जेवणाच्या सुट्टीत आई वाटाणे सोलताना पाहिली आणि रुमाल काढून डोळे टिपले. समोर बसलेल्या हिशेबनिसाला त्यांनी तिखटाचं कारण सांगितलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी एक लेख पाठवला. घरातले कॅमेरे परकी माणसं परदेशात बसून बघतात, आणि दोष कॅमेऱ्याचा नसतो, राउटरचा असतो. आपल्या आईचं वाटाणे सोलणं परदेशात कुणीतरी बघत असेल, या कल्पनेने प्रफुल्लला द्वारका चौकापर्यंत घाम फुटला.

रविवारी सकाळी देवपूजा आटोपून (रविवारची पूजा त्यांच्याकडे असे) ते राउटरपाशी बसले. राउटर देवघराला लागून असलेल्या फळीवर होता, कारण वायर तिथपर्यंतच पुरते असं ती टाकणाऱ्या सोमाने सांगितलं होतं. चौसष्ट पानी पुस्तिका त्यांनी पेन्सिलने खुणा करत वाचली. मग एकेक दार बंद करायला घेतलं. राउटरच्या आत शिरायचा मूळ पासवर्ड बदलला, वायफायचाही. नवा अठरा अक्षरी, त्यात आकडे, चिन्हं आणि पणजोबांचं नाव. वायफायचं नाव लपवलं. घरातल्या कोणत्या वस्तूने आत यायचं याची यादी केली, मतदारयादीसारखी. यादीत नाव नाही त्याला प्रवेश नाही. प्रतिभाचा फोन त्यात राहून गेल्याने तासभर घरात वेगळंच वातावरण होतं. बाहेरून राउटरला हात लावायची सोय समूळ बंद केली. सगळं झाल्यावर लक्षात आलं, की आता सिन्नरहून आईही दिसणार नाही. मग घराला सात कुलपं लावून झाल्यावर भिंतीला एक भोक पाडावं, तशी त्यांनी कॅमेऱ्यापुरती एक वाट उघडली. त्या वाटेलाही पासवर्ड.

आईंनी मागे उभं राहून विचारलं, "एवढं काय करतोस रे त्याला?"

"आई, कॅमेरा म्हणजे नुसता डोळा. खरं काम या डब्याचं. हा आहे म्हणून मी तिकडून तुझ्याकडे बघू शकतो."

"दिवसभर?"

"दिवसभर. मी कामावर गेलो की त्याची ड्यूटी सुरू."

"बिचारा," आई म्हणाल्या.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे यादवकाका आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेतून किंवा तारेवाचून जे जे जातं त्यावर त्यांचा शब्द अखेरचा. राउटर आडवा निजलेला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"गायधनी, हे गरम होतं हो! निजवायचं नसतं याला. उभं करा. वायरी वर, दिवे खाली. श्वास घेऊ द्या जरा."

प्रफुल्लने राउटर उभा केला. काकांनी चहा घेतला.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सिन्नरला मोबाइलवरचं चित्र गेलं.

प्रफुल्लने आईंच्या मोबाइलवर फोन केला. तो कपाटात असतो, झिजू नये म्हणून. मग दुसऱ्या मजल्यावरच्या पायलला लावला. पायल घरी ब्लाउज शिवते.

"पायल, जरा वर जाऊन आईला बघतेस का? चित्र गेलंय."

"काका, आजी ठीक असणार."

"असणारच. पण बघ."

पायल गेली. आई टीव्हीसमोर बसल्या होत्या. पायल पाच मिनिटं बसली, मग आईंनी तिला लाडू दिला म्हणून आणखी वीस. संध्याकाळी प्रफुल्ल बघतात तर राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा. नवा पासवर्ड गेलेला, जुना परत आलेला, यादी पुसलेली, कुलपं उघडी. त्यांनी सव्वा तास बसून पुन्हा सगळं केलं. मंगळवारी दहा अठराला चित्र गेलं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर एका गोड आवाजाने त्यांची अडचण समजून घेतली, खेद व्यक्त केला आणि राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्या गोड आवाजानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने तक्रार क्रमांक दिला. तो पासवर्डपेक्षा मोठा होता. बुधवारी सोमा आला, वायर दोन्ही टोकांना हलवून म्हणाला, "साहेब, लाइन एकदम ओके हाय. हे असं आपोआप नाय होत. कुणीतरी हात मारतंय."

"आई, तू या डब्याला हात लावतेस का गं?"

"मी?" चंद्रभागाबाई दुखावल्या. "तू एवढं जपतोस त्याला, मी बोटसुद्धा लावत नाही."

ते खरंच होतं. त्यांनी आयुष्यात खोटं बोलण्यासारखं काही केलं नव्हतं.

म्हणजे बाहेरचा माणूस. प्रफुल्लने वही काढली आणि दोन आठवडे नोंदी ठेवल्या: चित्र जाण्याची वेळ सकाळी दहा पंधरा ते दहा पंचवीस. रोज. रविवारी नाही. दोन ऑक्टोबरला प्रफुल्ल घरीच होते, त्या दिवशीही नाही. दसऱ्याला नाही. वही मिटून ते पलंगावर बसले.

"प्रतिभा, हॅकर सरकारी नोकर आहे."

"काय?"

"सव्वादहाला कामाला लागतो. रविवार सुट्टी. सणवार सुट्टी. एक दिवस जास्त काम नाही. आणखी कोण असणार?"

इमारतीत सरकारी नोकर एकच: पहिल्या मजल्यावरचे खंडेराव आहेर. मूळचे नामपूरचे, कुठल्याशा खात्यात फिरतीवर. फिरती म्हणजे सकाळी अकरापर्यंत ते घरी दिसत. शिवाय जुना पासवर्ड त्यांना येत होता. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या परीक्षेसाठी प्रफुल्लनेच दिला होता. संशय आल्यापासून जिन्यात खंडेराव "काय प्रफुल्लशेठ, काय शे नवीन?" म्हणाले की प्रफुल्ल "काही नाही" म्हणून झपझप वर जात. भांडारात चोरी झाली की आधी कोण जास्त हसून बोलतो ते बघायचं, हा त्यांचा अनुभव होता.

शनिवारी अर्धी सुट्टी काढून ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागद पुढे ओढला.

"काय गेलं?"

"पासवर्ड. अठरा अक्षरी."

"आणि?"

"आणि जुना परत आला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चोर नवी वस्तू नेतो आणि तुमची जुनी वस्तू जागेवर आणून ठेवतो?"

"रोज. रविवार सोडून."

"आणखी काही नेतो?"

"नाही."

"काही बघायला आहे का?"

प्रफुल्लने मोबाइलवर शेवटची चित्रं दाखवली. न्हाणीघराचं दार. दहा अकरा: आई ओल्या केसांनी बाहेर येतात. दहा चौदा: फुलांचं तबक घेऊन डावीकडे जातात. तिथे देवघर, ते कॅमेऱ्यात येत नाही. दहा अठरा: अंधार.

"शेवटी दिसलेली व्यक्ती कोण?"

"आई."

"आम्ही सहसा शेवटी दिसलेल्या माणसापासून सुरुवात करतो."

"हवालदारसाहेब, ती माझी आई आहे!"

"साहेब, सगळेच कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतात," ते शांतपणे म्हणाले, आणि प्रफुल्लचा चेहरा बघून त्यांनी कागद परत मागे ओढला. "बरं, आईंना सोडा. अर्ज देऊन ठेवा."

आईवर संशय! प्रफुल्ल त्या अपमानात दोन बसथांबे चालत गेले.

इकडे दिवाळी जवळ येत होती आणि ताईला कळवणहून रोज साडेदहाला काळा पडदा दिसत होता. "सोय झाली का?" एवढंच ती विचारायची. प्रफुल्लला रात्री स्वप्नात आई कळवणच्या एसटीत खिडकीशी बसलेली दिसे.

चित्र जाणं थांबत नव्हतं, तेव्हा आईला बघायला तरी कुणी असलं पाहिजे. रोज पायललाच किती त्रास द्यायचा? म्हणून प्रफुल्लने भांडार अधिकाऱ्याला शोभेल असा तक्ता केला. सोमवार पायल, मंगळवार यादवकाकू, बुधवार यादवकाका, आणि गुरुवारी भागुबाई. भागुबाई मखमलाबादच्या मळ्यातली भाजी आणि फुलं घेऊन दारोदार येते, ती म्हणाली, "बसायचंच ना? मंग मी टोपली घेऊनच वर जाते. आजीचा मुळा बी निवडून होईल." शुक्रवार-शनिवार पुन्हा पायल. तक्ता टंकून, प्रती काढून त्यांनी घरोघर दिला. खंडेराव आहेरांना दिला नाही. चोराच्या हाती किल्ल्या देण्याइतकी अजून त्यांची बुद्धी गेली नव्हती.

आणि गुरुवारी, दिवाळीला बारा दिवस उरले असताना, साडेअकराला सिन्नरला ताईचा फोन आला.

"प्रफुल्या, मी तुझ्या घरात उभी आहे. ताबडतोब ये."

"आई...?"

"ये म्हणते ना."

पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. कंपनीची बस साडेपाचला. प्रफुल्ल वडापच्या जीपमध्ये अकरावे प्रवासी म्हणून अर्धे आत, अर्धे देवाच्या हवाली असे बसले. सिन्नर ते नाशिक त्यांनी स्वतःला सांगितलं, की आई धडधाकट असेल, फक्त बॅग भरलेली असेल. मग बॅग भरलेल्या आईचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ते शेजाऱ्याच्या कोंबडीकडे बघत बसले.

दाराबाहेर चपला. प्रफुल्लने त्या मोजल्या. एवढ्या चपला घरात दोनच प्रसंगी असतात, आणि सत्यनारायण आज नव्हता.

आत आई सोफ्यावर होत्या. त्यांच्या पायाशी भागुबाई, मेथीची जुडी सोडून. पायल ब्लाउजला हुक लावत होती. गुरुवार त्यांचा नसूनही यादवकाका हजर होते. आणि खिडकीजवळ, आईंसमोर स्टुलावर सोंगट्या मांडून, खंडेराव आहेर.

"आला का?" आई म्हणाल्या. "थांब जरा, याची सोंगटी मरायला आलीय."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ.

"बस. पाणी पी. तुझा हॅकर सापडला."

प्रफुल्लची नजर खंडेरावांकडे गेली.

"तिकडे काय बघतोस? सव्वादहाला अंघोळ करून, सोवळ्यात आला. मी इथेच होते. पहाटेच्या गाडीने आले, आईला न्यायलाच आले होते. आईने देवांना गंध लावलं, फुलं वाहिली, आणि वळून तुझ्या त्या डब्याला एक झेंडू वाहिला. मग उदबत्ती पेटवली आणि त्याच्या डोक्यात खोचली."

"डोक्यात?"

"भोक आहे ना तिथे," आई पटावरून डोकं न काढता म्हणाल्या. "कंपनीनेच दिलंय. बरोब्बर उदबत्तीच्या काडीच्या मापाचं. जरा दाबून बसवली की कशी ताठ उभी राहते. दिवेलागणीला, तू यायच्या आधी, फूल-काडी निर्माल्यात. आणि हात लावत नाही हो मी त्याला. काडीनेच."

प्रफुल्ल देवघरापाशी गेले. राउटर यादवकाकांच्या सल्ल्याप्रमाणे वायरी वर करून उभा होता. वायरींच्या शेजारी एक बारीक भोक, त्यात जळून गेलेली काडी, आणि भोकाखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, रिसेट. चौसष्ट पानी पुस्तिकेच्या एकसष्टाव्या पानावर हे असणार. ते पान त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं म्हणून सोडलं होतं.

"पण आई, का गं?"

चंद्रभागाबाईंनी पहिल्यांदाच पटावरून मान वर केली.

"का म्हणजे? तूच म्हणालास. दिवसभर माझ्याकडे बघत बसतो. म्हाताऱ्या माणसाकडे बघत कोण बसतं रे हल्ली? दोन फुलं आणि एक उदबत्ती, एवढं तरी नको का त्याला? रविवारी तू असतोस घरी. त्या दिवशी त्याला सुट्टी, मग मीही नाही लावत."

यादवकाका एकदम छताकडे बघू लागले. उभा करायचा सल्ला कुणाचा होता हे त्यांना आठवलं असावं. प्रफुल्लला हवालदारांची आठवण झाली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आहेरसाहेब, तुम्ही... आज सुट्टी?"

"नाही हो. फिरतीवर निघायच्या आधी येतो रोज अर्धा तास, आज तेवढा डाव लांबला. महिना झाला. आजी सोंगट्यांत हरत नाही, हीच माझी अडचण. तुमच्या त्या तक्त्यात माझं नाव राहिलं वाटतं. टायपिंगमध्ये होतं असं."

"हो," प्रफुल्ल म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी प्रथमच नोंदीत नसलेली वस्तू मुकाट्याने जमा करून घेतली. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर दोनदा पडली. कुणी काही म्हटलं नाही, त्याबद्दलही ते मनातून आभारी होते.

चहा पिता पिता त्यांनी हिशेब मांडला नाही, पण तो आपोआप मांडला गेला. रोज चित्र गेलं म्हणून रोज कुणीतरी आलं. अठरा अक्षरी पासवर्ड टिकला असता तर आई महिनाभर एकटी बसली असती आणि त्यांनी सिन्नरहून तिचं एकटेपण अगदी स्वच्छ बघितलं असतं.

ताईची रिकामी बॅग दाराशी होती. प्रफुल्लने तिच्याकडे बघितलं. ताईनेही बघितलं.

"नेत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे सकाळी आठला सगळी मळ्यात जातात ती अंधार पडल्यावर येतात. तिथे हिच्याशी सोंगट्या कोण खेळणार, बैल? राहू दे इथेच. तुझं ते यंत्र तेवढं दुरुस्त कर, मला रोज बघायचंय."

आईंनी खंडेरावांची सोंगटी मारली. बाकी आनंद त्यांनी कसलाही दाखवला नाही, पण रात्री पोळीवर तूप जास्त पडलं.

रविवारी प्रफुल्लने सगळी कुलपं पुन्हा लावली, राउटर आडवा केला आणि शेजारी तांदळाची वाटी ठेवली, उदबत्तीला. सोमवारी दहा वीसला चित्र होतं. अकराला होतं. मग त्यांनी पत्र टंकून घरोघर दिलं: तक्ता रद्द, सर्वांचे मनःपूर्वक आभार, खंडेराव आहेर यांचे विशेष. यादवकाकांनी ते पत्र दारावर चिकटवून ठेवलं आहे.

तेव्हापासून आजतागायत कॅमेरा एकदाही बंद पडलेला नाही. सिन्नरहून स्वच्छ दिसतं, कळवणहून स्वच्छ दिसतं. पत्र मिळाल्यापासून खंडेरावांसकट कुणी वर येईनासं झालं म्हणून आई साडेदहालाच दाराला कडी घालून खाली पायलकडे हुक लावायला जातात. दिवसभर सोफा दिसतो.